वर्सोव्याला बाप्पा सोडताना समुद्राकडे पाठ करू नये

"तुला पोहता येत नाही," नवऱ्याने आठवण करून दिली. संसारात इतकं निर्विवाद विधान त्याने क्वचितच केलं असेल. म्हणून मी वाद न घालता शिट्टी गळ्यात अडकवली आणि निघाले.

दीड दिवसाचे गणपती जायचे होते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, पाण्यात उतरणाऱ्यांवर नजर ठेवायला स्वयंसेवक हवे होते आणि मी नाव दिलं होतं. जाऊबाईंचा प्रश्न, "संस्कृत शिकवणारी बाई लाटांना सुभाषितं ऐकवणार का?" ऐकवीन. लाटा निदान मधेच फोन तरी उचलत नाहीत.

घाटकोपरहून मेट्रोत बसा आणि शेवटपर्यंत उठू नका. मात्र नावावर विसंबू नका. वर्सोवा स्टेशनात उतरल्यावर चहूकडे इमारतीच दिसतात, समुद्र नाही. खाली शेअर रिक्षा मिळतात. नुसतं 'बीच' म्हणालात तर जुहूला पोहोचाल, 'वर्सोवा गाव' म्हणा. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा शेवटचा टप्पा पायी. पोटपूजा स्टेशनजवळच उसळपावावर उरका. किनाऱ्यावरच्या भेळेत त्या दिवशी शेवेपेक्षा वाळू जास्त असते.

किनाऱ्यावर आमचे म्होरके नारायणदादा भेटले. गावातलेच, मासेमारी सोडून आता जीवरक्षक झालेले.

"मॅडम, पोहता येतं?"

"नाही."

"झकास! म्हणजे हिरोगिरी करायला आत नाही जाणार. इथंच उभं राहायचं. लोक बाप्पाकडे बघतात, तुम्ही पाण्याकडे बघायचं. मोठी लाट दिसली की शिट्टी."

काठावर उभं राहून नुसतं बघणं हा आजवर माझ्यावरचा आरोप होता. इथे ती नेमणूक निघाली.

दुपारी भरती चढू लागली. लाल बावटा लागला आणि मूर्ती काठावरच दादांच्या जीवरक्षक पोरांकडे द्यायच्या, असं ठरलं. बहुतेकांनी दिल्या. जोगेश्वरीहून आलेल्या एका कुटुंबाने नाही दिली. मुलगा चाळिशीचा, नाव सुहास. वडील यंदाच गेलेले.

"आमच्याकडे बाप्पा घरच्यांकडे बघत जातो," तो म्हणाला. "मूर्तीचं तोंड किनाऱ्याकडे. घेणारा उलटा चालत जातो. बाबा तसंच न्यायचे. मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

म्हणजे समुद्राकडे पाठ करून, भरतीत, ओल्या धोतरात. "वाट लागेल रे," दादा पुटपुटले.

त्याची आई बाजूला उभी होती. नवरा गेलेला, आता मुलगा पाण्याकडे निघालेला. तिचे हात जोडलेले होते, पण डोळे मूर्तीवर नव्हते, त्याच्यावर होते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुम्ही आमच्याकडे बघा. तुमच्यामागे मी बघते. पण गुडघ्यापर्यंतच, आणि कमरेला दादांचा दोर."

दोराला तो कसाबसा तयार झाला. उलटा चालत गेला, बाप्पाला पहिली बुडी दिली, वर काढलं. दुसरी दिली. मग, माणूस तो, तिसरीला दोन पावलं आणखी मागे सरकला. त्याच्या खांद्यामागे पाणी उभं राहताना मला दिसलं.

मी शिट्टी फुंकली. "मूर्ती सोडा! दोर धरा!"

त्याने मान हलवली. "तिसरी राहिलीय!"

"तिसरी बुडी लाटच देईल! सोड रे!"

वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचवलेला आवाज शेवटी कामाला आला. त्याने हात सोडले, दोर पकडला आणि पाणी डोक्यावरून गेलं. दादांनी आणि पोरांनी दोर ओढला. वाळूवर आला तो खोकत आणि संतापलेला.

"मॅडम, बाबांनी कधी दोन बुड्यांवर नाही सोडला. शास्त्रात चालतं का हे?"

"शास्त्र शिकलेय मी. यजमानाने बुडावं, असं माझ्या तरी वाचनात नाही."

तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात आईने त्याचा ओला कान धरला. "गप रव. बाप्पा गेलो, तू रवलंस. आता घराक चल."

तो गेला. आभार मानले नाहीत. आई मात्र वळली आणि आरतीचं उरलेलं खोबरं माझ्या मुठीत कोंबून गेली. नंतर कुणीतरी समजावलं, की हौशी बायकांनी अशा वेळी पुढेपुढे करू नये. मी खोबरं चावत पाण्याकडे बघत राहिले. लोक उतरतच होते.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. माझ्या साडीतून वाळू गळत होती, कुणी जवळ बसेना.

घरी नवऱ्याने विचारलं, "कोणी बुडालं का?"

"नाही."

"मग दिवसभर केलंस काय?"

"बघत होते," मी म्हटलं आणि शिट्टी धुऊन खिडकीत वाळत घातली. पाच दिवसांचे गणपती अजून जायचेत.