सामानाजवळ कोण बसणार

सुलेखा खांबेटे सामानाजवळ बसायची. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीपासून. स्टेशनवर, विमानतळावर, देवळाबाहेर, बालीच्या किनाऱ्यावर. सगळे आत गेले, वर गेले, पाण्यात गेले की बॅगांपाशी कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे ती. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं असतं तर कदाचित तिने नाही म्हटलं असतं. चपला, पाण्याच्या बाटल्या आणि दुसऱ्यांचे चष्मे सांभाळत तिने अर्धं जग पाहिलं होतं, म्हणजे अर्ध्या जगाची प्रवेशद्वारं.

नवरा निशिकांत आयटीत. ती सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. घर बुकित बातोकला, अकराव्या मजल्यावर. मुलगी आर्या युनिव्हर्सिटीत होती आणि आईच्या मराठीला सिंगापुरी इंग्रजीत उत्तरं द्यायची. आयुष्य सरळ होतं, लिफ्टसारखं. वर जायचं, खाली यायचं, मध्ये आरशात बघायचं.

२०१८च्या पाडव्याला चोआ चू कांगच्या चारुदत्तकडे जेवण होतं. चारुदत्त फायनान्समधला, आणि रविवारी सकाळी मराठी मंडळींना सायकलवर घालून बेट फिरवणारा. जेवणानंतर त्याने टीव्हीवर फोटो लावले. इटलीतल्या टेकड्या, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, आणि मधून गेलेला खडीचा पांढरा रस्ता. टेकडीची कातडी सोलून कुणी खालचं हाड उघडं केलं असावं, तसा.

"गाडी नाही, सिग्नल नाही," चारुदत्त म्हणाला. "नुसती खडी आणि द्राक्षं. पुढच्या वर्षी गणपती विसर्जन झालं की निघायचं. सामानाला व्हॅन आहे, ड्रायव्हर तिथलाच. आणि व्हॅनमध्ये वहिनी असतीलच. म्हणजे ती काळजी मिटली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काळजी खरंच मिटली होती.

"मी सायकलवर येणार," सुलेखा म्हणाली.

निशिकांतने बासुंदीची वाटी खाली ठेवली. "तुला येते?"

"तिसरीत येत होती."

"तिसरीत तुला पाढेही येत होते."

"ते अजून येतात," ती म्हणाली.

सायकल जुनीच घेतली, जाड टायरची. पहिले धडे जुन्या रेल्वेमार्गावर झाले. मलेशियाकडे जाणारी गाडी बंद होऊन, रूळ उखडून काही वर्षं झाली होती. राहिली होती खडी, चिखल, दोन्ही बाजूंना रान. तिथे ती पडली. कोपर सोललं, गुडघा सोलला, एकदा एका सरड्याला वाचवताना सरळ गवतात गेली. निशिकांत मागून चालत यायचा, हातात मलम.

पण रेल्वेचा मार्ग सपाट. चढ कुठून आणायचा? तो तिला घराशेजारीच सापडला. बहुमजली पार्किंगचा रॅम्प. शनिवारी दुपारी लोक गाड्या घेऊन बाहेर गेले की वरचे मजले ओस पडायचे. ती खालून वर जायची, मग वरून खाली, मग पुन्हा वर. तिथे गाडी धुणाऱ्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलने बरेच शनिवार हे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "आंटी, यू कॅनॉट फाइंड युअर कार, आह?"

"आय हॅव नो कार."

"देन वाय यू गो अप?"

"टु कम डाउन."

अंकलने मान हलवली. त्याला ते पटलं असावं.

आर्याने एकदाच समजावून पाहिलं. "आई, व्हॅन गॉट एअर-कॉन, लेह."

"म्हणूनच नको," सुलेखा म्हणाली. खरं कारण तिलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की यावेळी ती व्हॅनमध्ये बसली तर यापुढे कायम बसेल, आणि मग ती कधी उठायचा प्रयत्न करत होती हेही कुणाला आठवणार नाही.

तिकिटं झाली, सुट्ट्या मंजूर झाल्या, आणि ऑगस्टमध्ये तिच्या लक्षात आलं की सगळ्यात मोठ्या चढाचा दिवस मंगळवार आहे आणि त्या मंगळवारी संकष्टी आहे. म्हणजे अंगारकी. आर्याच्या जन्मापासून तिने एकही अंगारकी मोडली नव्हती. चारुदत्तला कळल्याबरोबर त्याचा फोन आला.

"वहिनी, उपाशी पोटी तो चढ नाही जमायचा. तो एक दिवस व्हॅन घ्या. देवही समजून घेईल."

"देवाचं मी बघते, चारुदत्त. तुम्ही रस्ता बघा."

तो मंगळवार उजाडला. मळ्यातल्या ज्या घरात ते उतरले होते, तिथल्या स्वयंपाकघरात सुलेखा पहाटेच उठून कामाला लागली होती. बटाटे उकडून त्यांना मीठ, जिरं, तिखट लावलं. सिंगापूरहून आणलेले राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळ्याचे वेफर्स. सायकलला लावलेल्या दोन्ही पिशव्या फुगल्या.

"एकादशी आणि दुप्पट खाशी," प्रताप म्हणाला. प्रताप त्यांच्यातला बँकर, टोमणे मारण्यात तरबेज.

"चतुर्थी आहे," सुलेखा म्हणाली. "तिप्पट खाल्लं तरी चालतं."

बाकीच्यांनी काही घेतलं नाही. जेवण पुढच्या गावात ठरलं होतं. व्हॅन सामान घेऊन रात्रीच्या मुक्कामी पुढे गेली आणि सुलेखा-निशिकांत धरून हे आठ जण सायकली घेऊन खडीवर उतरले.

खडी कुरकुरत होती. बाकी आवाज नव्हता. मळ्यात द्राक्षं तोडणारी माणसं हात करायची. आठ जण प्रत्येक वळणावर थांबून फोटो काढत होते, एकाचा काढला की दुसरा म्हणायचा, आता माझा, मागे तो बुरूज येऊ दे. असं करत गावात पोचले तेव्हा खानावळीची बाई दार ओढून घेत होती. स्वयंपाकघर बंद. दुकान बंद. सिंगापुरात कुठल्याही वेळी हॉकर सेंटरमध्ये जाऊन जेवणारी ही माणसं बंद दाराकडे बघत उभी राहिली. दुपारी अन्न मिळत नाही असं गाव असू शकतं, हे त्यांच्या कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हतं.

चारुदत्त कारंज्याच्या कठड्यावर बसला. त्याने सगळे खिसे चाचपून पाहिले.

सुलेखाने पिशव्या सोडल्या. आधी कुणी हात लावेना. मग प्रतापने बटाटा उचलला.

"आज माझाही उपास," तो म्हणाला.

"मग पाया पड आधी," निशिकांत म्हणाला आणि स्वतः दोन लाडू घेतले. बघता बघता आठही जणांना अंगारकी घडली. तिच्यासाठी एक लाडू आणि थोडे खजूर उरले.

चढाच्या पायथ्याशी व्हॅन येऊन उभी होती. चारुदत्तने फोन करून बोलावली होती. त्याच्या पोटरीत गोळा आला होता आणि तो मुकाट्याने आत चढला. मग खिडकीतून, अगदी मनापासून म्हणाला, "वहिनी, बसा आता. तुमचं आम्ही खाल्लं. कुणी काही म्हणणार नाही."

कुणी काही म्हणणार नाही. आजवर तरी कुठे कुणी काही म्हणालं होतं? तिने निशिकांतकडे पाहिलं.

"मी बसतो," तो म्हणाला. "मला इटलीला काही दाखवायचं नाही. तू जा."

ती निघाली. पार्किंगमध्ये प्रत्येक चढानंतर मजला येतो. इथे मजलाच येईना. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक खडीत जागच्या जागी फिरायचं, म्हणून बसूनच रेटायचं. वर बघितलं की पाय हरायचे, म्हणून समोरचे चार दगड तेवढे बघायचे. प्रताप पुढे गेला, बाकीचे तीन-चार पुढे गेले. एका ठिकाणी चढ भिंतीसारखा झाला. ती उतरली, लाडू खाल्ला, सायकल ढकलत चालू लागली. तिला वाटलं होतं, उतरावं लागलं तर रडू येईल. आलं नाही. मळ्यात आंबूस गोड वास होता. रस्ता जरा नरमला तशी ती पुन्हा चढून बसली.

मुक्कामाच्या घराचं फाटक टेकडीच्या माथ्याच्या जरा अलीकडे होतं. सगळे पोचले होते. ओळीने लावलेल्या बॅगांच्या मध्ये निशिकांत खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर कुणाचं तरी हेल्मेट, हातात कुणाचा तरी फोन. तिला पाहून तो उठला आणि हेल्मेट घरंगळलं.

"आली. आली," तो म्हणाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चारुदत्त लंगडत फाटकापर्यंत आला. "वहिनी, या, बसा. पाणी देऊ?"

सुलेखाने ब्रेक दाबला, पण पुरता नाही. फाटकापुढे रस्ता अजून थोडा वर जात होता.

"तिकडे काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. दुसऱ्या बाजूला उतार. खाली एक वस्ती आहे म्हणे."

"बघून येते."

"अगं, पण परत चढावं लागेल," निशिकांत म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली, आणि माथा ओलांडून दिसेनाशी झाली. खडीचा आवाज मात्र बराच वेळ येत होता, खाली खाली जाणारा.