सुनंदाची साक्ष

आमच्या मंडळीत रविवारी उपासना संपत आली की साक्षीची वेळ असते. प्रभूनं ज्याला संकटातून काढलं, त्यानं उठून चार शब्द बोलायचे आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, अशी साधी रीत. पण ओळीनं चार-पाच रविवार कुणी उठलंच नाही, की पुढे उभ्या असलेल्या माणसाला घाम फुटतो. पुढे उभी मीच असायचे. पाळक कल्याणहून महिन्यातून एकदा येतात, मधले रविवार माझ्या गळ्यात. त्या वर्षी टेमघरच्या आमच्या गल्लीतले कापड विणायचे लूम एकेक करून भंगारात चालले होते. निम्मी कुटुंबं गावी परतली. राहिलेल्यांच्या कामांसाठी मी गोदामातल्या पॅकिंगवरून दमून आल्यावरही गुडघे टेकून मागत होते, आणि वरून काही म्हणजे काही येत नव्हतं. खरं सांगते, मला देवाचा राग यायला लागला होता. त्या रागाच्या भरात मी जे करून बसले, ते लिहायला आजही जड जातं.

सुनंदा शेलार गावची. घर बौद्ध, नवरा लूमवर, ती स्वतः कांड्या भरायची, म्हणजे लूमसाठी सूत गुंडाळून द्यायची. आमच्याकडे ती आपल्या पायानं आली होती, त्यावरून तिच्या आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिला टीबी निघाला तेव्हा सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि आम्ही बायकांनी दर शुक्रवारी तिच्यासाठी उपवास धरला. दोन महिन्यांत ताप गेला, खोकला थांबला, पोरगी दोन घास जास्त खायला लागली. गोळ्या चालू आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते सोयीस्करपणे विसरले.

मी तिच्या मागेच लागले. या रविवारी तू साक्ष दे म्हणून. ती चाचरत म्हणाली, “ताई, अजून चार महिन्यांचा कोर्स बाकी हाय. तो पुरा होऊ दे, मंग बोलते ना.” त्यावर मी, शहाणी, तिला विचारलं, “म्हणजे प्रभूनं तुला निम्मंच बरं केलं का गं?” तिचं तोंड एवढंसं झालं. त्या रविवारी ती उठली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “प्रभूनं मला पूर्ण बरं केलं.” खोलीत केवढा आनंद झाला! बायका रडल्या, आम्ही गाणं दोनदा म्हटलं. पाळकांनी ही साक्ष कल्याणला सांगितली, तिथून दोन कुटुंबं माझ्याकडून प्रार्थना करून घ्यायला आली. मला ते आवडलं. खूप आवडलं. इतक्या कोरड्या दिवसांनंतर आपल्या हातून काहीतरी झालं, असं वाटायचं आणि मी जरा ताठ चालायला लागले होते.

पुढे सुनंदा मागच्या रांगेत बसू लागली. अधूनमधून पदर तोंडाला लावायची. सूत भरणाऱ्या बाईला कस्पटांचा खोकला असायचाच, अशी मी मनाची समजूत घातली. मग ती दोन रविवार आलीच नाही. दुसऱ्या रविवारी उपासना चालू असताना एक बुरख्यातली बाई जिना चढून वर आमच्या उपासनेच्या खोलीत आली. अनोळखी माणूस वर आलं की हल्ली आम्ही धास्तावतो. कोण धर्मांतराची तक्रार घेऊन येईल, सांगता येत नाही. गाणं मध्येच थांबलं. बाईनं दाराशी चपला काढल्या, खाली बसली, आणि शेवटची प्रार्थना होईपर्यंत थांबली. मग माझ्याजवळ आली.

“ताई, भांडायला नाय आले मी. शबनम माझं नाव, दवाखान्यातून टीबीच्या पेशंटला घरी गोळ्या पोचवते. सुनंदानं गोळ्या सोडल्यात.”

मी म्हटलं, “असं कसं होईल? रिकामी पाकिटं तुम्हीच नेता ना परत?”

“पाकिटं रिकामीच देते ती. पण या गोळ्या खाल्ल्या की लघवी लालसर होते, हमेशा होते. काल सहज विचारलं तर बोलली, साधी होते. तिथंच पकडली मी. माझं ती ऐकत नाय ताई, तुमचं ऐकते.”

सगळी मंडळी बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “पण तिला तर प्रभूनं बरं केलंय.”

शबनमनं वाद घातला नाही. “ऊपरवाल्यानं बरं केलं असेल तर तपासणीत पण दिसेल ना? चला की मग. मी रिक्षा थांबवून ठेवलीय.”

मी गेले, ते पण मनातून चरफडत. सुनंदाच्या खोलीत शिरले आणि तिला ओळखायलाच वेळ लागला. गालांची हाडं वर आली होती, बसल्या जागी धाप लागत होती. शबनमनं गोळ्यांचं विचारल्यावर तिनं मांडणीवरून रव्याचा डबा काढला. रव्याखाली सगळ्या गोळ्या. मी ओरडलेच तिच्यावर, वेडी का काय तू म्हणून. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “सगळ्यांसमोर बोलले ना ताई मी, पूर्ण बरी झाले म्हणून. मंग गोळी कशी खाऊ? मी गोळी खाल्ली असती तर तुमचा देव खोटा पडला असता.”

‘तुमचा देव’ म्हणाली ती. आपला नाही म्हणाली.

तपासणीत दिसायचं ते दिसलं. आजार परतला होता आणि आधीच्या गोळ्यांना तो आता जुमानत नव्हता. तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथं कितीतरी दिवस ती जगते की जाते हेच कळत नव्हतं. वॉर्डबाहेरच्या बाकावर मी बसून असायचे, आणि माझ्या तोंडातून प्रार्थना फुटायची नाही. आजवर मी देवाला काय काय करायचं ते सांगत आले होते, वर लोकांसमोर त्याच्या नावानं निकालही जाहीर करून टाकला होता. आता मागायचं तरी कुठल्या तोंडानं? शेवटी एवढंच म्हटलं, की प्रभू, मी हात काढून घेते, ती तुझी आहे. सुनंदा वाचली. डॉक्टरांनी वाचवली, औषधांनी वाचवली, आणि त्याआधी एका परक्या बाईनं आमचा जिना चढून वाचवली. आपल्या तोंडावर दार आपटलं जाईल हे माहीत असूनही ती आली होती. तिला कुणी पाठवलं यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला जे वाटतं ते मला वाटतं.

ती घरी आल्यावरच्या रविवारी मी साक्षीच्या वेळी स्वतःच उभी राहिले आणि सगळं सांगितलं, ‘निम्मंच का’ हा माझा प्रश्नसुद्धा. एकानंही आमेन म्हटलं नाही. नंतर एक वडीलधारे भाऊ म्हणाले, “ताई, हे लोकांपुढे बोलायची काय गरज होती? आपलीच नाचक्की.” ते आणि आणखी दोन घरं आता येत नाहीत. कल्याणची माणसं तर यायची कधीच बंद झाली. आता साक्षीच्या वेळी कुणी गप्प बसलं तर मी त्याला गप्प बसू देते.

सुनंदाच्या एका फुप्फुसाचा खालचा भाग कामातून गेलाय. जिना चढणं तिला जमत नाही, कांड्यांचं काम सुटलं. जमलं असतं तरी ती आमच्याकडे आली असती असं मला वाटत नाही. नव्या गोळ्या कडक आहेत, रोज कुणीतरी समोर बसून द्यायच्या. शबनमनं त्या कामाला माझं नाव घातलं. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मी जाते, पेला भरून देते, ती गोळ्या गिळेपर्यंत बसते. पहिल्या दिवशी सवयीनं मी डोळे मिटून हात जोडले, तर ती म्हणाली, “इथं न्हाय ताई. तुमच्या घरी जाऊन करा.”

तेव्हापासून मी तिथं डोळे उघडे ठेवते. ती माझ्याशी धड बोलत नाही. उशीर झाला तर मात्र फणकारते, पेला दाणकन खाली ठेवते, आणि धाप लागत असली तरी मला सुनवायचं ते सुनावतेच. मग मी रस्त्याला लागते आणि चालता चालता प्रभूचे आभार मानते, की माझ्यावर चिडायला ती अजून जिवंत आहे.