मनोऱ्यावरचे तांडेल

"कोणाला भ्या वाटतं? हात वर करा."

आमचे तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे कप्तान, रोज वर्गाची सुरुवात अशी करायचे, आणि सगळ्यात आधी स्वतःचाच हात वर करायचे. ज्याचा हात खाली राहायचा, त्याला त्या दिवशी होडीत सगळ्यात मागे बसवायचे.

असा मास्तर तुम्ही पाहिलाय? मी तरी नव्हता पाहिला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पालघरजवळच्या दांडी गावासमोरच्या खडकांवर वारा मोजायला एक लोखंडी मनोरा उभा केला होता. पुढेमागे समुद्रात पवनचक्क्या येतील आणि त्यांच्यावर चढायला इथलीच माणसं लागतील, असं कंत्राटदाराचे साहेब सांगत. म्हणून बोईसरच्या एका शेडमध्ये हा वर्ग निघाला. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि कारखान्यांतले फिटर-वेल्डर मिळून दहाबारा जण होते. मी पालघरच्या दवाखान्यातली नर्स, प्रथमोपचार शिकवायला जायचे. तांडेल दांडीचे, पन्नाशीला आलेले. होडीतून शिडीवर पाय कसा टाकायचा, ते शिकवणं हे त्यांचं काम.

ते काम ऐकायला सोपं वाटतं. भरतीत खडक बुडायचे आणि पाण्यात नुसता मनोरा उरायचा. लाट होडीला वर उचलते, तेवढ्यात शिडी धरायची. जरा उशीर झाला की होडी खाली जाते आणि पुढच्या लाटेबरोबर वर येऊन माणसाला शिडीवर चेपते. मी त्याच होडीत पट्ट्या आणि औषधं घेऊन बसायचे. पहिले कित्येक दिवस मी डोळे मिटूनच घेत असे.

मग साहेबांनी फर्मान काढलं, की शिकवणाऱ्यानंही मनोरा चढलाच पाहिजे. तांडेल निम्म्यापर्यंत गेले, पांढरेफटक होऊन खाली आले आणि होडीच्या कडेला वाकून ओकले. सगळे हसले.

"हसा," तोंड पुसत ते म्हणाले. "पाण्याचं पण भ्या वाटतं मला. पण त्याची सवय हाय. ह्याची नाय."

त्यानंतर ते रोज निम्म्यापर्यंत चढायचे आणि उतरल्यावर मला सांगायचे, "बाई, आज एक पायरी जास्त झाली." ती कधीच जास्त झालेली नसायची. मी मान डोलवायचे.

वर्गात सांगलीकडचा एक वेल्डर होता. अंगानं दांडगा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. त्याचा हात कधी वर गेला नाही. "आपल्याला कशाचं भ्या न्हाई, तांडेल," तो म्हणायचा. तांडेल नुसते मागच्या फळीकडे बोट दाखवायचे.

परीक्षेच्या दिवशी दुपारीच वारा सुटला. पैलवानाची पाळी शेवटची. तो झपाझप वर गेला, टोकाशी पोचला आणि तिथेच थिजला. दोन्ही हातांनी लोखंडाला मिठी मारली, डोकं त्यात खुपसलं. आम्ही हाका मारत होतो, पण त्याची मान वळेना. खाली भरती चढत होती.

तांडेलांनी सुकाणू होडीवर सोबतीला असलेल्या आपल्या भावाच्या हाती दिलं, शिडी धरली आणि वर निघाले. त्यांची निम्मी वाट आली. तिथे ते थांबले. मला वाटलं, आता परततील. पण ते पुढे गेले.

वाऱ्यातून तुटक शब्द खाली येत होते.

"डोळे उघडू नको. माझा पन बंदच हाय एक."

"तांडेल, मला न्हाई जमायचं."

"मला तरी कुटं जमतंय? दोगं मिळून घाबरू. पाय तेवढा खाली टाक. माझ्या हातावर टाक."

पैलवानाचा एकेक पाय हातानं पायरीवर ठेवत त्यांनी त्याला खाली आणलं. लाट आली तसं त्याला होडीत ढकललं. आम्ही त्याला धरेपर्यंत होडी बाजूला फेकली गेली. पुढची लाट एवढी मोठी होती की ती तांडेलांच्या कमरेवरून गेली. भावानं पुन्हा पुन्हा जवळ जायचा प्रयत्न केला. शेवटी तांडेलांनीच हातानं लांब राहायची खूण केली. खाली लाटा फुटत होत्या, त्यामुळे त्यांना परत वर चढावं लागलं, पार टोकाला. तिथे कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवून ते ओहोटीची वाट बघत बसले.

होडी मनोऱ्याभोवती फिरत राहिली. मनोरा वाऱ्यानं हलायचा, आणि प्रत्येक वेळी पैलवानाच्या तोंडून नको नको असं निघायचं. वरून तांडेल काहीतरी ओरडत होते. ते आम्हाला बोलावत होते, की देवाला, की नुसतेच ओरडत होते, ते मला आजही माहीत नाही.

सूर्य टेकला तेव्हा त्यांना उतरवता आलं. बोटं मिटलेलीच होती. मी आणि पैलवानानं चोळून चोळून ती एकेक उघडली. मग ते म्हणाले, "बाई, वर वारा लय हाय." आम्ही हसलो आणि होडी किनाऱ्याकडे वळवली.

ते पुन्हा शेडकडे आले नाहीत. पावसाळ्याआधी मनोराही उतरवला. साहेब गेले, वर्ग मोडला. पैलवान पुढे समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला लागला, असं कळलं.

काही वर्षांनी बोईसरच्या मासळीबाजारात तांडेलांची बायको भेटली. कपाळ मोकळं होतं. पाटीतले बोंबील सारखे करत ती बोलली.

"वारा सुटला की घरात नाय थांबायचे, बाई. ओट्यावर येऊन खांबाला मिठी मारून बसायचे. मी काय विचारायची नाय. बाजूला जाऊन बसायची, वारा पडंपर्यंत."

तिनं माझ्या पिशवीत बोंबील टाकले.

"आता ते नाय. पन वारा सुटला की मना आत बसवत नाय."