कालची घागर

"जा बापू, नळ यायची वेळ झाली. पाणी भरून ये. मी काय एवढ्यात कुठं जात न्हाय." आक्का माझ्याशी बोललेलं हे शेवटचं. दवाखान्याच्या खिडकीबाहेर नुकतं उजाडत होतं, तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि जिवाला घोर लागला होता तो घरच्या नळाचा. साठी उलटलेला मी मुकाट्यानं उठलो आणि घरी आलो. घागर भरत आली होती तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. मी तो वाजू दिला. घागर काठोकाठ झाली, नळ बंद केला, घागरीवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि मग फोन घेतला. हा क्रम आक्कानंच लावून दिलेला. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "सर, लवकर या." त्यांच्या आवाजावरून कळलं, की आता लवकर जाऊन काही उपयोग नाही... त्याला आता सहा आठवडे होत आले. भेटायला येणाऱ्यांना मी 'दुःख आहे, चालायचंच' असं सांगतो. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. दुःखापेक्षा मला भीती जास्त वाटते, आणि ती कशाची, हे सांगायचं तर आक्काबद्दलच सांगावं लागेल.

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मुरगूडला दिलेली. मेहुणे गेले, एकुलती एक लेक वैशाली लग्न होऊन परदेशी गेली, आणि माझी बायको वारल्यावर आक्का एका पिशवीनिशी कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आली. आल्या दिवशी तिनं माझ्या घरातलं सगळं भरलेलं पाणी ओतून टाकलं. आमच्या घरात तेव्हापासून पाण्याला वय आलं. आज भरलेलं ते ताजं, काल भरलेलं ते शिळं. सकाळी नळ आला, की पहिलं काम शिळं ओतायचं, भांडी घासायची, मग ताजं भरायचं. निम्मं बॅरेल शिल्लक असलं तरी आडवं करायचं. ओतलेलं पाणी अंगणातून गटारीला जाताना बघून तिला घर स्वच्छ झाल्यासारखं वाटे. शेजारच्या शेवंतावहिनी दोन-दोन दिवसांचं पाणी ठेवतात म्हणून आक्का त्यांना तोंडावर आळशी म्हणायची, आणि त्याही हसून घ्यायच्या. मीसुद्धा कधी हरकत घेतली नाही. वर गगनबावड्याला पाऊस कोसळतोय, खाली नदी भरून वाहतेय, आणि मी बादलीभर पाण्यासाठी बहिणीशी वाद घालू?

खरं तर मी घालायला हवा होता, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचो. पृथ्वीवर पाणी किती, त्यातलं पिण्याजोगं किती थोडं, श्रीमंत देशांत माणूस किती वापरतो आणि गरीब देशांतल्या बायका डोक्यावरून किती लांबून आणतात, हा धडा मी नोकरीभर शिकवला. पुस्तकात एक चित्र होतं, भेगाळलेल्या जमिनीवर पिवळा डबा घेऊन चाललेल्या मुलीचं. ते दाखवून मी वर्गाला सांगायचो, "आपण नशीबवान आहोत, आपल्याकडे पंचगंगा आहे." आणि खडू झटकून पुढच्या धड्याला लागायचो. दुष्काळ म्हणजे दुसऱ्याच्या गावाला होणारी गोष्ट, एवढीच माझी त्या विषयातली समज होती.

वैशालीनं आक्काला एकदा तीन महिने तिकडे नेलं होतं. उत्तरेकडचा थंड, हिरवागार देश. परत आल्यावर आक्का तिथल्या रस्त्यांबद्दल, दुकानांबद्दल चकार शब्द बोलली नाही. पहिल्यांदा बोलली ते संडासाबद्दल. "बापू, पितात तेच पाणी तिथं संडासात सोडत्यात रं!" मग जरा वेळानं, कुणीतरी ऐकेल या भीतीनं आवाज खाली करून म्हणाली, "तिथं पाणी येत न्हाय. तिथं पाणी असतंयच." मी हसलो. पण ती हसली नव्हती. नातीनं तिला विचारलं होतं म्हणे, 'आजी, पाणी आलं म्हणजे? कुठून आलं?' तीन महिने आक्का तिथल्या न्हाणीघरात रोज एक बादली भरून ठेवायची आणि जावई रोज ती रिकामी करायचा. जे कधी जातच नाही त्याचा भरवसा कसा धरायचा, असं तिचं म्हणणं. पुढे वैशालीचा फोन आला आणि मागे नळाचा आवाज ऐकू आला, की बोलणं तिथंच तोडून आक्का ओरडायची, "आधी तो नळ बंद कर की गं!"

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं, दिवसाला एक तांब्या, त्यातच चहा आणि त्यातच गोळ्या. शिळं म्हणून बादल्या ओतणारी माझी बहीण आता ओठांवर ओलं फडकं फिरवून दुपार काढायला लागली. आणि ज्या मशीनवर ती झोपायची, त्याला एका वेळेला बॅरेलच्या बॅरेल स्वच्छ पाणी लागायचं. "मला तांब्या आन् त्येला तळं," असं ती सिस्टरांना चिडवायची. या सिस्टर जतकडच्या, म्हणजे दुष्काळी भागातल्या. आक्का त्यांना शिळ्या-ताज्याचं सांगायला लागली, की त्या नुसत्या हसून सुई टोचायच्या.

त्या वर्षी महापूर आला. आमच्याकडे पूर नवा नाही. पाणी पुलाच्या दगडी खांबांवर एका ठरलेल्या खुणेला टेकलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणतात आणि लोक बघायला जातात. या वेळी बघायला जाण्याची सोय उरली नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, रस्ते बंद झाले आणि शहराला पाणी उपसून देणाऱ्या मोटारीच पुराखाली गेल्या. आमची गल्ली आणि दवाखान्याकडचा रस्ता उंचावर म्हणून वाचले. गच्चीवरून बघावं तिकडे पाणी, आणि घरात नळ कोरडा! आम्ही मोठं बॅरेल आणि चार घागरी आधीच भरून ठेवल्या होत्या. पाऊस होता तोवर पागोळ्यांखाली बादल्या लावून धुण्याभांड्याचं भागवलं, मग पाऊसही उघडला. तिसऱ्या दिवशी रात्री सिस्टरांचा फोन आला, "सर, इथली टाकी तळाला गेलीय, टँकर अडकलाय. पत्र्यावरचं नको, नळाचं स्वच्छ पाणी असंल तर घेऊन या. पाणी असलं तर मशीन सुरू करतो, न्हाईतर..." आक्काचा आदला डायलिसिस चुकलेलाच होता. तिचे पाय सुजले होते, ती उशा रचून बसून होती, कारण आडवं झालं की धाप लागायची. तिच्या अंगात पाणी चढत होतं. मी बॅरेलवर झाकण घट्ट लावलं, उजाडलं की न्यायचं ठरवलं. ते पाणी म्हणजे आता तिचा जीव होता, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत एकच ओरडा झाला, "पाणी आलं!" आमच्या नळानंही घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि धार पडली. आत उशांवरून आक्का धापा टाकत ओरडली, "शिळं ओत, बापू! दवाखान्यात शिळं पाणी न्यायचं व्हय? ताजं भर!" आणि मी... मी बॅरेल आडवं केलं. घागरी ओतल्या. एवढ्या वर्षांची हाताला लागलेली सवय, डोकं मध्ये आलंच नाही. अंगणातून सगळं पाणी खळाळत गटारीला गेलं आणि मी बॅरेल घासायला घेतलं. नळातून अर्धी बादली तांबडा गाळ आला. मग नुसती हवा, सूं करत. मग तीही थांबली.

ती शांतता मी अजून विसरलेलो नाही. मी तिथेच ओल्या अंगणात खाली बसलो. आत जाऊन तिला सांगायचं धाडस होईना, पण सांगावं लागलंच नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, शिव्या घालेल. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आक्काच्या डोळ्यांत भीती पाहिली. एवढंच म्हणाली, "बापू, मला बुडाल्यागत व्हतंय रं." घराबाहेर पूर, तिच्या छातीत पाणी, आणि तिला वाचवायला घरात वाटीभर पाणी नाही. मी भूगोलाचा मास्तर! ते चित्रातल्या मुलीचं पाणी मी माझ्या हातानं गटारीत सोडलं होतं.

रिकामं बॅरेल घेऊन मी शेवंतावहिनींच्या दारात उभा राहिलो. आयुष्यात कुणाकडे काही मागायची वेळ आली नव्हती. वहिनींनी एकदा बॅरेलकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "सर, पाणी हाय, पण शिळं हाय. चार दिसाचं. आजारी माणसाला कसं द्यायचं?" मी म्हणालो, "द्या." मग त्याच माझ्या पुढे होऊन दारं वाजवत निघाल्या. ज्या घरातल्या बायका टापटिपीच्या होत्या त्यांनी आमच्यासारखंच सगळं ओतलं होतं. पाणी उरलं होतं ते फक्त आक्का ज्यांना आळशी म्हणायची त्यांच्याकडे. "आज उशिरा उठलो, म्हणून ऱ्हायलं बघा," असं म्हणत, चोरी पकडल्यासारखा चेहरा करत, एकेकीनं घागर, कळशी, पातेलं आणून बॅरेलमध्ये ओतलं आणि प्रत्येकीनं विचारलं, "शिळं हाय, चालतंय न्हवं?" वहिनींच्या मालकांनी आपल्या टेम्पोत बॅरेल घातलं, आक्काला पुढे बसवलं. वाटेत ती श्वास मोजत होती, आणि तिच्याबरोबर मीही.

दवाखान्यात सिस्टरांनी झाकण काढून पाणी पाहिलं. मी गुन्हा कबूल करावा तसं सांगून टाकलं, की पाणी शिळं आहे. त्यांनी मान वर केली. "सर, आमच्याकडं पाणी शिळं होत न्हाय," असं म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आणखी दोन घरांनी पाणी आणलं होतं, ते सगळं टाकीत चढलं. मशीन सुरू झालं. तासाभरानं आक्काला आडवं होता आलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर तोंड झाकून रडलो. वैशालीकडे पाणी जात नाही, जतकडे पाणी शिळं होत नाही, आणि मधले आम्ही रोज सकाळी ओतत बसलेलो... नोकरीभर शिकवलेला धडा मला त्या बाकावर कळला.

घरी आल्यावर आक्कानं शिळं हा शब्द टाकला. ती 'कालचं पाणी' म्हणायला लागली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तांब्याची एक घागर आली, तिचं नाव कालची घागर. तिच्यातलं काढून वापरायचं, नळ आला की वरून भरायची, पण ती रिकामी करायची नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर आक्का बोटाच्या पेरानं ती वाजवून बघायची. रिकामी असती तर घणघणली असती, भरलेली बद्द वाजायची. तो बद्द आवाज आला की ती चहा टाकायची. शेवंतावहिनींना ती पुन्हा कधी आळशी म्हणाली नाही. वहिनींनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात वैशालीचा फोन आला. तिकडे पाऊस झाला नव्हता, नदी आटली होती, बागेला पाणी घालायला बंदी होती. मागे नळाचा आवाज नव्हता. "आई," ती म्हणाली, "भरून ठेवलेलं पाणी किती दिवस टिकतं गं?" आक्कानं सगळं नीट सांगितलं, भांडं कसलं, झाकण कसलं, उन्हात ठेवू नको. फोन ठेवल्यावर तिनं बोटाच्या पेरानं घागर वाजवून बघितली. मग म्हणाली, "तिथलंबी यायला-जायला लागलं की रं, बापू." कुठे ना कुठे पाणी असतंच, या भरवशावर आपण सगळे निवांत असतो, हे मला तेव्हा जाणवलं.

आक्काला स्मशानात पोचवून आम्ही घरी परतलो तेव्हा भावकीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं पाणी ओतायला काढलं होतं. सुतकाचं पाणी ठेवत नाहीत, हे मलाही माहीत आहे. बादल्या झाल्या, बॅरेल झालं. एकीनं घागरीला हात घातला आणि मी मध्ये गेलो. झाकणावर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. "ओतू नका." त्या समजावायला लागल्या, पाणी बाटलं, ओतायलाच पाहिजे. सगळा जन्म पुस्तकी मराठी बोललेला मी तिथं आक्कासारखा ओरडलो, "आन् उद्या नळ आला न्हाय तर?" मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, पण मी झाकणावरचे हात काढले नाहीत. शेवंतावहिनी पुढे आल्या, त्या बाईचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिनंच भरायला लावलेलं हाय ते."

तेव्हापासून मी रोज नळाच्या वेळेआधी जागा होतो आणि पडल्या पडल्या ऐकत राहतो. वैशालीनं तिकडे एक स्टीलची घागर मिळवली, तिचा फोटो पाठवला. तो बघून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. घागरीतलं पाणी मी काढतो, वरून भरतो, रिकामी होऊ देत नाही. त्यात त्या सकाळचं, तिनं भरायला पाठवलेलं पाणी अजून थोडं तरी असेल असं मला वाटतं. शाळेत एखाद्या मुलानं असं काही म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आज हे लिहायला बसलो तेव्हा नळाची वेळ उलटून गेली होती. धार नाही, आवाज नाही, गल्लीत कुणी ओरडत नाही. लिहिणं तसंच ठेवून उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि बोटाच्या पेरानं घागर वाजवली. बद्द वाजली. मग मी चहा टाकला.