ओल्या मातीतली तहान

अर्नाळ्याची पुतळाबाई आमच्या आगाशीच्या वाड्यांना मासळीचं खत घालायची. डोक्यावर टोपली, करकचून बांधलेलं लुगडं, आणि तोंड असं की एकदा घासाघीस केलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे. "घ्यायचं तर घे, नायतर ऱ्हाऊ दे," म्हणायची. मी तर तिला भ्यायचेच. तिचे हात मात्र बघवत नसत. जन्मभर मासे खारवून बोटांची कातडी वाळून भेगाळली होती.

बावन्न साली माझे यजमान गेले आणि दोनशे पानवेलींची वाडी माझ्या अंगावर पडली. थोरले दीर तुळशीदास चारचौघांत म्हणाले, "पानवेल बाईच्या हाती टिकत नाही. दिवाळीपर्यंत बघू, मग वाडी मी घेईन." आमच्याकडे पानवेलीचं सोवळं भारी. चपला बाहेर, अंघोळ करून आत, आणि बाईने महिन्याचे ते चार दिवस कुंपणाकडे फिरकायचंही नाही. मी सगळं पाळलं, मुकाट्याने पाळलं. वेली गेल्या असत्या तर मी आणि माझी पोर दिराच्या ओसरीवर तुकडे मोडत बसलो असतो, दुसरं काय!

पाऊस सरता सरता पुतळाबाईकडून खत घेतलं आणि वेलींच्या बुडाशी घातलं. आठव्या दिवशी पानं मलूल. दुपारच्या उन्हात पान मान टाकतं हे ठाऊक होतं, पण ही पहाटेसुद्धा लोंबत होती. आणि माती? बोटाला चिकटेल इतकी ओली!

दीर आले. मातीची मूठ दाबून म्हणाले, "मुळं कुजली. पाणी बंद." रहाट थांबवला. मग माझ्याकडे न बघता, पण शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "विटाळात शिरली असणार, अजून काय." माझ्या अंगाची आग आग झाली. पण असल्या गोष्टीला पुरावा कसला देणार?

पाणी बंद झाल्यावर वेली आणखीच झुकल्या. तिसऱ्या दिवशी पुतळाबाई फेरीवर आली. माझा चेहरा बघून तिने टोपली उतरवली, एका वेलीच्या बुडाची चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"बाय, ह्ये माझ्यामुलं झालं," ती खाली बसली. "खारवलेली मासली पावसात बिगडली. फेकवेना. धुतली आनि खतात कुटली. मीठ गेलं असंल, वाटलं."

"अगं पण जमीन ओली आहे! पाणी पितायत की त्या!"

"पीत नाय. मासा मिठात घातला की टोपलीखाली पानी गलतं, त्ये कुनाचं? मिठाचं? माशाचं! मीठ ओडून काडतं. हितं तेच चाललंय. पानी पायाशी हाय, पन मीठ पिऊ देत नाय."

मला पटेना. तेव्हा तिने दोन मलूल पानं देठासकट खुडली, दोन वाट्या मागितल्या. एकीत बावखलाचं गोडं पाणी, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्याचं. दुसरीत तेच पाणी, पण मूठभर मीठ कालवून. दोन्हींत एकेक देठ बुडवलं आणि म्हणाली, "आता गप बस."

कसली गप बसते मी! घटकेघटकेला उठून बघत होते. दुपार कलली तेव्हा गोड्या पाण्यातलं पान ताठ झालं होतं. बोटाने वाकवलं तर परत उभं राहिलं. मिठातलं पान मात्र चिंधीसारखं पडलेलं. एकच वेल, एकच पाणी, आणि एक पान जगत होतं, दुसरं पाण्यात बुडून तहानेने मरत होतं. अगं बाई! मिठाला ना हात ना तोंड, आणि ते जिवंत पानातून पाणी काढून घेत होतं. अंगावर काटा आला माझ्या.

पुढे माझी मुलगी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिने पुस्तकातून वाचून दाखवलं. मूळ म्हणजे लहान लहान पेशी. प्रत्येकीला पातळ पडदा. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ अडतं, आणि मीठ ज्या बाजूला जास्त, पाणी त्या बाजूला निघतं. मी तिला म्हटलं, हे मी वाटीत बघितलंय.

वाटीतली पानं बघितली त्याच संध्याकाळी पुतळाबाईने आणि मी वेलींच्या बुडाचं खत खरवडून काढलं. सकाळी रहाटाला बैल जुंपला, पाटाचं शेवटचं तोंड फोडलं आणि मीठ धुऊन निघावं म्हणून पाणी वाडीबाहेर वाहू दिलं. दीर ओरडत आले, "कुजलेल्याला बुडवतेस?" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून म्हटलं, "भावजी, बाजूला व्हा." तीन दिवस पाणी सोडलं. पुतळाबाई निघणाऱ्या पाण्याची चव घ्यायची आणि थुंकायची, "अजून हाय."

चौथ्या पहाटे वाडीत गेले. बावीस वेली मेल्या होत्या. बाकीच्यांची पानं ताठ, रुंद, बुडापासून वर मांडवापर्यंत! हात जोडले मी. कुठल्या देवाला ते मलाही कळलं नाही.

दीर चार शेजारी घेऊन आले. बघितलं, आणि म्हणाले, "मी नारळ वाढवला, विटाळ फिटला. पण पुन्हा शिरली म्हणजे? अशा बाईच्या हाती वाडी ठेवायची कशी?" शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मी मान खाली घालून कुंपणाकडे सरले.

"विटाल कसला?" पुतळाबाई कुंपणापाशी उभी होती. "मीठ माझ्या खतात होतं. हिचा दोस नाय. जिभेला लावून बघा, म्येलेल्या वेलींखाली अजून हाय."

एका शेजाऱ्याने खरंच माती चाखली आणि तोंड वाकडं केलं. दिरांनी वाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. पण जाता जाता म्हणाले, "तुझं खत आता आगाशीत कोणी घेणार नाही." घेतलं नाहीच. सात वाड्या होत्या तिच्या गिऱ्हाइकीच्या. एक माझी राहिली.

मी तिच्यामागे गल्लीपर्यंत पळत गेले. "कशाला बोललीस गं? पानं तर उभी राहिली होती!"

"पानं राहिली, बाय," ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "तू कुठं उभी राहिलेलीस?"