पहिल्या चापाला न उडणारी रायफल

मुलुंडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये परवान्यावर बंदुका बनतात. कोकणात शेतातली डुकरं पळवायला वापरतात त्या ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, मागच्या पोकळ खुंटीवर तांब्याची छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. अशाच एका नव्या रायफलचं ड्रॉइंग माझं होतं, म्हणून चाचणीच्या मैदानावर पहिला चापही मीच ओढला.

टक्. बाकी काहीच नाही.

बार उशिराही उडू शकतो, म्हणून नियमाप्रमाणे नळी टार्गेटकडेच धरून मी थांबले, हात भरून आले तरी. मग माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राने रायफल घेतली. टोपी तीच. त्याने घोडा परत चढवला, चाप ओढला आणि बार उडाला.

पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. माझ्या हातात टक्, त्याच्या हातात धाड.

"तुझ्या हातातच काहीतरी आहे यार," तो म्हणाला. सुरुवातीला हसून म्हणत होता. दुपारनंतर हसणं थांबलं, ते मला जास्त लागलं.

नळी साफ होती, टोप्या कोरड्या, ठिणगीची वाट मोकळी. चाप कोण ओढतंय हे रायफलला कळत नाही, एवढं मला कळतं. तरी घरी जाताना, आरेतून जाणाऱ्या बसमध्ये मी स्वतःचे तळवे बघत बसले होते.

जोगेश्वरीला घरी पोचल्यावर वडिलांना विचारलं. गावी त्यांच्याकडे अशी बंदूक होती.

"आमची कधी अडाकली नाय," ते म्हणाले.

"कधीच नाही?"

"पावसात अडाकायची." मग म्हणाले, "थंडीत पण."

"मग उडायची कधी?"

"ता काय आता माका आठवत नाय."

पुढच्या चाचणीला मी मित्राला म्हटलं, "आज पहिला चाप तू ओढ."

टक्. तो रायफलकडे बघतच राहिला. थांबायचं तेवढं थांबून मी ती हातात घेतली आणि चाप ओढला. बार उडाला.

म्हणजे प्रश्न हाताचा नव्हता, पहिल्या-दुसऱ्या ठोक्याचा होता. नीट पाहिलं तर खुंटी कणभर जाड उतरली होती. टोपी तिच्यावर पुरती बसतच नव्हती. पहिला ठोका टोपी खाली बसवण्यातच जायचा, दुसऱ्याला ती पेटायची. मला एकदम मोकळं वाटलं. आम्ही बारीक खुंटी करून घेतली.

पण तेवढ्यात वर्कशॉपच्या साहेबांनी, आम्हाला न सांगता, घोड्याची स्प्रिंगही कडक बसवली होती. रायफल आता दर वेळी पहिल्या चापाला उडायला लागली. नक्की कशामुळे, ते बघायला मी नव्या स्प्रिंगवर जुनी खुंटी लावली. उडाली. जुन्या स्प्रिंगवर नवी खुंटी लावली. उडाली. शेवटी दोन्ही जुनं बसवलं, तर तेव्हाही पहिल्याच चापाला उडाली.

"उडतेय ना, मग सोड की," मित्र म्हणाला.

सोडलं. दोन्ही बदल ड्रॉइंगमध्ये गेले. कोणी विचारलं तर मी खुंटी म्हणते, तो स्प्रिंग म्हणतो. जुनी जोडी परत बसवल्यावर ती का उडाली, हे मात्र दोघांनाही सांगता येत नाही.