तिसऱ्या मजल्यावरचं गुऱ्हाळ

वितळणाऱ्या चॉकलेटचा वास आधी गोड नसतोच. तो कडसर, भाजका, किंचित मातकट असतो. माधुर्य मागाहून, संकोचत येतं. माघातल्या त्या सकाळी राजारामपुरीतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तो दरवळला आणि मला आमच्या गावचं, मुरगूडचं गुऱ्हाळ आठवलं. भल्यामोठ्या काहिलीत उकळणाऱ्या रसाचा पहिला वासही असाच, धुरकट आणि उग्र. उसाच्या रसाचं आणि या काळ्या वडीचं नातं कुणी कधी जोडलं असेल का? मी जोडलं, कारण मला आबांना खायला घालायचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. सारा जन्म गुळव्या म्हणून, रस आटवून गूळ करण्यात गेलेला. रसाच्या नुसत्या आवाजावरून काहील कधी उतरवायची हे सांगणारा माणूस! गुडघे थकले तेव्हा मी नि माझ्या नवऱ्यानं त्यांना आमच्याकडे आणलं आणि तेव्हापासून त्यांची भूकच हरवली. दोन घास खायचे, "बास झालं" म्हणायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. खाली क्लासला निघालेली मुलं, रिक्षा, दुचाक्या; त्या अखंड प्रवाहात ओळखीचा चेहरा एकही नाही. सदरे दिवसेंदिवस सैल होत चालले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. गुळात जन्म काढलेल्या माणसाला साखरेचा आजारही नाही, याचं डॉक्टरांनाच नवल! "आवडेल ते द्या," म्हणाले. पण आवडच उरली नसेल तर काय द्यायचं? मी घाबरले होते, आणि घाबरले की मी हट्टाला पेटते.

लहानपणी आबा दोऱ्याला गाजरं नि रताळी बांधून काहिलीत सोडायचे. बाहेर निघत ती लालबुंद, तुकतुकीत, बोटं चाटायला लावणारी. फ्लॅटमध्ये काहील कुठून आणू? म्हणून चॉकलेट. गाजराच्या चकत्या, उकडलेलं रताळं, लाल ढबू मिरचीच्या फोडी, केळी, स्ट्रॉबेरी असा सगळा लवाजमा मी मांडला. "ढबू मिरचीला चॉकलेट?" म्हणून नवरा पोट धरून हसला. हसू दे!

पहिल्या दिवशी चॉकलेट घट्ट वाटलं, म्हणून पाक पुढे गेल्यावर मारतो तसा मी त्यावर पाण्याचा हबका मारला. क्षणात सगळं ओल्या वाळूसारखं गोळा झालं. दुसऱ्या दिवशी पाण्याला लांब ठेवलं, तर नुकत्याच धुतलेल्या स्ट्रॉबेरीनं घात केला. गुळव्याची पोर, आणि दोनदा हात पोळून घेते! तिसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं चढवलं. आबा खाईपर्यंत मी हटणार नव्हते.

तेवढ्यात काठी टेकत आबाच दारात आले.

"कसला वास सोडलायस गं?" त्यांनी पातेल्यात डोकावलं, मग कालच्या गोळ्याकडे पाहिलं. "आगं, ह्येला पाणी सोसत न्हाय, दिसतंय की! फडकं आण. समदं कोरडं कर. आन् जाळ कमी!"

मी खुर्ची पुढे केली. त्यांनी एकेक फोड पुसली, चमच्यावरून ओघळणारी धार न्याहाळली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता सोड." गाजराची चकती बुडाली, वर आली, निथळली, ताटलीत गार होऊन चकाकू लागली. केवढा आनंद झाला मला! पहिला तुकडा मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एवढं करूनही नाहीच?

इतक्यात बेल वाजली. गॅसवाला तीन जिने चढून सिलिंडर घेऊन आला होता. खुर्चीतूनच आबांचा आवाज घुमला, जसा मुरगूडच्या रस्त्यावर घुमायचा. "या की पावणं! बसा. गुऱ्हाळावरनं कोण रिकाम्या तोंडानं जात न्हाय!"

तो बिचारा गोंधळला, पण त्यानं खाल्लं. "गाजार हाय व्हय ह्ये? झ्याक लागतंय की!"

"आनि एक घ्या." मग शेजारी ताटली गेली, मग नवऱ्याला ढबू मिरची खावी लागली, मग मला रताळं. गुऱ्हाळावर सगळ्यांना पोचल्याशिवाय गुळव्या तोंडात कण घालत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. आणि आबांना इथे आणल्यापासून रोज मी त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी, एकट्याचं, वाढत होते! ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना दिलं, त्याला मी फक्त घेणारा करून ठेवलं होतं.

सगळ्यांचं झाल्यावर आबांनी एक चकती उचलली, सावकाश चावली. "वाईच कडू हाय," म्हणाले, आणि दुसरी घेतली.

तो कडसर वास दिवसभर घरात रेंगाळला. त्या संध्याकाळपासून आमच्याकडे भाकरी आबा वाढतात. आम्ही दोघं आधी जेवतो.